उभ्या गाडीतली झोप

१

केसरीनाथ तरे याला पगाराची पावती वाचायचा कंटाळा होता. सत्तावीस वर्षं त्याने ट्रक चालवला. त्यातल्या पहिल्या वीस वर्षांत पावती नावाची गोष्टच नव्हती. शेठ हातावर ठेवील ते खिशात घालायचं आणि टेमघरला घरी यायचं. मग मानकोलीला शेतं बुजवून गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, शेठ गेले, कंपनी आली. कंपनीचं यार्ड आलं, यार्डाला लागून पत्र्याचं ऑफिस आलं आणि दर महिन्याच्या सात तारखेला मोबाईलवर इंग्रजी पावती यायला लागली.

काम तसं साधं. मानकोलीला कंटेनर भरायचा, बेंगलोरच्या पलीकडे होसकोट्याला खाली करायचा, तिथला माल घेऊन परत यायचं. जायला अठ्ठावीस तास, यायला अठ्ठावीस तास, आणि उशीर झाला तर कापाकापी. पैसे किलोमीटरवर. गोदामाच्या गेटाबाहेर सहा तास थांबा नाहीतर सोळा तास थांबा, चाक फिरत नाही म्हणजे ते तास कुणाच्याच खात्यात नाहीत. पूर्वी गाडीवर दोन ड्रायव्हर असायचे. एक चालवायचा, दुसरा मागच्या बाकावर झोपायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने दुसरा कमी केला आणि त्याच्या जागी समोरच्या काचेवर एक काळी डबी बसवली.

डबीत कॅमेरा होता. ड्रायव्हरच्या पापण्या दोन सेकंदांपेक्षा जास्त मिटल्या की डबीतून एक बाई बोलायची, "कृपया सतर्क रहें." त्याला अलर्ट म्हणत. एका अलर्टला दोनशे रुपये कापले जात.

फेब्रुवारीच्या पावतीत अकरा अलर्ट होते.

केसरीनाथला दोन आठवत होते. एक निपाणीच्या पुढे तवंदीच्या घाटात, एक तुमकूरला. दोन्ही वेळेला त्याला स्वतःचीच लाज वाटली होती; गाडी बाजूला घेऊन त्याने तोंडावर पाणी मारलं होतं. बाकीचे नऊ कुठून आले?

त्याची मुलगी क्षितिजा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने मोबाईल हातात घेऊन तारखा आणि वेळा वाचून दाखवल्या, मग पुन्हा एकदा वाचल्या, मनातल्या मनात.

"बाबा, हे नऊच्या नऊ मानकोलीचे आहेत. गाडी यार्डात उभी असतानाचे. सगळे दुपारचे."

"दुपारी मी घरी होतो."

"हो ना," क्षितिजा म्हणाली, "घरीच होतात."

२

दीपेश त्यांच्याच बाजूचा, टेमघरच्या वरच्या आळीतला. वय तिशीचं. यार्डाच्या ऑफिसात बसायचा. कुठली गाडी कुठे जायची, कुणाला किती कापायचं हे त्याच्या लॅपटॉपवरून ठरायचं. माणूस वाईट नव्हता. गावच्या नात्याने तो केसरीनाथला काका म्हणायचा आणि काका म्हणूनच पैसे कापायचा.

"काका, सिस्टिमने पकडलंय. मी काय करू?"

"सिस्टिमला सांग, गाडी उभी होती. इंजिन बंद, चावी तुझ्या मागच्या खिळ्याला. मी माझ्या घरात, माझ्या चटईवर."

"उभ्या गाडीत कशाला अलर्ट येईल पण?"

"तेच तर मी विचारतोय ना तुला!" केसरीनाथचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. गेल्या वर्षभरात या टेबलासमोर उभं राहून त्याने किती गोष्टी मागितल्या होत्या. गेटावरच्या थांब्याचे पैसे, यार्डात ड्रायव्हरांसाठी एक संडास, ट्रिपला एक दिवस जास्तीचा. प्रत्येक वेळी दीपेशने मान डोलावली होती आणि प्रत्येक वेळी वर कळवतो म्हणाला होता. वर कोण बसलं होतं ते केसरीनाथने कधी पाहिलं नव्हतं.

दीपेशने उसासा टाकला आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "थांबा. प्रत्येक अलर्टची क्लिप असते. सहा सेकंदांची. बघा आणि सांगा."

पडद्यावर त्याच्याच गाडीची केबिन होती. खिडकीतून यार्डाची निळ्या पत्र्याची भिंत दिसत होती, तिच्यावर दुपारचं ऊन. ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसला होता. मान छातीवर पडलेली, तोंड किंचित उघडं. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्यावर पिवळ्या काठाचा पंचा. माणूस गाढ झोपला होता. त्या झोपेत काही वेडंवाकडं नव्हतं, दमलेला माणूस झोपतो तशी ती झोप होती. सहा सेकंदांनी क्लिप संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"तुम्हीच आहात की," दीपेश म्हणाला.

"मी नाही."

"काका, पंचा तुमचा आहे."

पंचा आत्ताही केसरीनाथच्या खांद्यावर होता. त्याने त्याच्यावरून हात फिरवला. "जुनी क्लिप असेल. घड्याळ चुकलं असेल तुमच्या त्या डबीचं."

"असेल," दीपेश म्हणाला. "मी वर कळवतो."

३

घरी जाताना रिक्षात त्याने सगळं नीट लावून पाहिलं. घड्याळ चुकलेलं असणार. होसकोट्याला गेटाबाहेर रांगेत असताना तो सीटवर मान टाकून झोपलेला असेल, त्याचीच क्लिप मानकोलीच्या नावावर पडली असेल. पण होसकोट्याला निळ्या पत्र्याची भिंत नव्हती. तिथे निलगिरीची झाडं होती. मग एखादा दुसरा ड्रायव्हर चावी घेऊन त्याच्या गाडीत झोपत असेल. पंचा काय, बाजारात पन्नास मिळतात तसले.

तोंड उघडं टाकून झोपायची ती सवय तेवढी बाजारात मिळत नव्हती.

बायकोला त्याने जेवताना सांगितलं. कमळने भाकरी उलटली आणि तव्याकडे बघतच विचारलं, "तुमी घरी झोपलाव कवा?"

"म्हंजे?"

"मी बगते ना. कार्तिकापासून बगते. ट्रिपवरून येता, आंघोळ करता, आडवे होता. डोलं उघडे. आढ्याकडं बगत बसता दुपारभर. मी हाक मारली की लगेच हां म्हनता. झोपलेला मानूस असा हां म्हनत न्हाय."

केसरीनाथचा घास हातात राहिला. तो घरी झोपत नव्हता? तो आडवा होत होता, ते त्याला आठवत होतं. पंख्याची घरघर आठवत होती, बाहेर कुणाचा कुकर वाजला ते आठवत होतं, क्षितिजा कॉलेजातून कधी आली तेही आठवत होतं. पण मधला तो काळा तुकडा, जो झोपेत असतो आणि उठल्यावर आठवत नाही, तो एकही सापडेना. गेल्या ट्रिपनंतरचा नाही. त्याच्या आधीचाही नाही.

"दमलो असेल," तो म्हणाला.

"दमलेला मानूस झोपतो," कमळ म्हणाली.

क्षितिजाने क्लिप बघायला मागितली. दीपेशने ती मोबाईलवर पाठवली होती. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"बाबा, हे तुम्हीच आहात." तिचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "तुम्ही दुपारी गाडीत झोपायला जाता का? घरी झोप लागत नाही म्हणून? सांगायचं तरी आम्हाला."

"अगं, तू घरात होतीस ना? मी समोर होतो तुझ्या."

"होतात," ती म्हणाली. पण तिने मोबाईल त्याच्या हातात न देता खाली ठेवला.

४

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दोन वाजता तो यार्डात गेला. गेटावर हरी वॉचमन खुर्चीत बसून कलिंगड खात होता.

"आज ड्युटी हाय?"

"नाही. गाडीत एक कागद राहिलाय."

ऑफिसातल्या खिळ्यावरची चावी त्याने स्वतः काढली. म्हणजे चावी जागेवर होती. गाडीचे दोन्ही दरवाजे बंद होते. तेही त्याने आधी फिरून, मुठी ओढून पाहिलं. मग तो केबिनमध्ये चढला. आत उन्हाने भट्टी झाली होती. रेक्झिनचा, डिझेलचा, त्याच्या स्वतःच्या केसांच्या तेलाचा वास. मागच्या बाकाचा पडदा सरकवून त्याने आत पाहिलं. चादर, पाण्याची बाटली, कांद्याची पिशवी. कुणी नाही.

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला नाही. का बसला नाही ते त्याला सांगता आलं नसतं. तो पलीकडच्या, डाव्या सीटवर बसला आणि रिकाम्या सीटकडे तोंड करून वाट बघू लागला. डबीचं तोंड ड्रायव्हरच्या सीटकडे होतं. तिच्यातला लाल ठिपका थोड्या थोड्या वेळाने लुकलुकत होता.

अर्धा तास गेला. बाहेर कुणीतरी टायर बदलत होतं, पाना पडल्याचा आवाज आला. केसरीनाथला स्वतःचं हसू यायला लागलं. बावन्न वर्षांचा घोडा सुट्टीच्या दिवशी रिकाम्या खुर्चीवर पहारा देतोय.

तेव्हा सीट बसली.

गाडीची सीट हवेवरची होती. माणसाचं वजन पडलं की खालून फुस्स आवाज करत ती चार बोटं खाली जायची. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला जेवढी जाते तेवढीच, त्याच आवाजाने, ती आत्ता खाली गेली. गादीच्या मधोमध, जिथे त्याच्या बसण्याने वर्षानुवर्षं खळगा झाला होता, तो खळगा आणखी खोल झाला. बाकी काही दिसलं नाही. ऊन तसंच पडलेलं, धुळीचे कण तसेच तरंगणारे.

थोड्या वेळाने डबीतली बाई म्हणाली, "कृपया सतर्क रहें."

तो दार उघडून खाली कधी उतरला, त्याचा गुडघा पायरीवर कसा सोलवटला, ते त्याला नंतर आठवलं नाही. गाडीपासून वीस पावलांवर उभा राहून तो धापा टाकत होता आणि स्वतःला समजावत होता. हवेची गळती. सीटखालचा पाइप जुना झालाय. उन्हात रबर सैल पडतं. हवा गेली की सीट बसणारच.

हवा गेली असेल तर ती आपोआप परत भरत नाही, हे त्याला माहीत होतं. बाहेरून काचेतून बघताना, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, सीट हळूहळू वर आलेली त्याने पाहिली.

५

कंपनीचा मेकॅनिक नवशा. त्याने सीट उघडली, पाइप तपासला, डबी काढून पुन्हा लावली. "दोन्ही ओके हायत," तो म्हणाला आणि कागदावर सही घेतली. केसरीनाथने चिडून डबीच्या तोंडावर काळी टेप चिकटवली. तासाभरात दीपेशचा फोन आला. कॅमेरा झाकला तर पाच हजार दंड आणि गाडीवरून खाली. टेप काढावी लागली.

"मग मला दुसरी गाडी दे," केसरीनाथ म्हणाला.

"गाड्या आहेत कुठे काका? ज्याची त्याला."

"आठ दिवस सुट्टी दे."

"घ्या की. पण मग ही गाडी दुसऱ्याला जाईल, परत मिळेल याची गॅरंटी नाही. मार्च आहे, लोड आहे."

क्षितिजाची फी भरायची होती. तो होसकोट्याला निघाला.

त्या ट्रिपला एक गोष्ट त्याने आधी कौतुकाने पाहिली, मग भीतीने. त्याला झोप येत नव्हती. नुसती झोपच नाही, जांभईसुद्धा येईना. सातारा गेलं, कोल्हापूर गेलं, हुबळी गेली. डोळे कोरडे, स्वच्छ, रस्त्यावर खिळलेले. दावणगेऱ्याच्या पुढे त्याने गाडी मुद्दाम धाब्यावर लावली, मागच्या बाकावर आडवा झाला, डोळे मिटले. पापण्यांच्या आतही तो जागाच होता. शेजारच्या गाडीवाल्याचं बोलणं त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तासाभराने तो उठला तेव्हा आराम पडला नव्हता आणि थकवाही नव्हता. घरातल्या कुठल्याशा बंद खोलीत आपली एखादी वस्तू राहिली आहे आणि ती आणायला आपल्याला आत जाता येत नाही, तसं काहीसं वाटत होतं.

होसकोट्याला गेटाबाहेर त्याला तेरा तास उभं केलं. बाकीचे ड्रायव्हर गाड्यांखाली, बाकांवर, टायरांना टेकून झोपले. तो एकटा बसून होता.

परतताना दीपेशचा फोन आला. आवाज खूश होता. "काका, झीरो अलर्ट! छप्पन्न तास होत आले, एकही नाही. वरून विचारलंय, हे कोण ड्रायव्हर म्हणून."

"त्यांना म्हणावं, मी आजारी आहे."

"असं काय बोलता?"

"मला झोप येत नाही दीपेश. घरी डोळा लागून चार महिने झाले."

दीपेश म्हणाला, "ड्रायव्हरसाठी चांगलंच आहे ना ते?"

केसरीनाथने फोन कापला. स्टिअरिंगवर त्याने इतक्या जोराने मूठ मारली की हॉर्न वाजला आणि पुढच्या टेम्पोवाल्याने दचकून गाडी बाजूला घेतली.

६

मानकोलीला तो सकाळी अकराला पोचला. गाडी यार्डात लावली, चावी खिळ्याला अडकवली, घरी गेला, आंघोळ केली, आढ्याकडे बघत पडला. दुपारी दोनला दीपेशचा मेसेज आला. अलर्ट. गाडी उभी. वेळ एक सत्तावन्न. खाली लिहिलं होतं, काका आता पुरे, एकदा येऊन समोरासमोर बोला.

कंपनीचा शर्ट अंगात घालून तो तसाच गेला. ऑफिसात जेवणाची वेळ होती, दीपेश एकटाच डबा खात होता.

"बसा," तो म्हणाला. आज त्याच्या बोलण्यात काका नव्हतं. "मी तुमच्यासाठी वर खूप भांडलो. पण तुम्ही घरी जातो सांगून गाडीत झोपता आणि मग अलर्ट आला की माझ्यावर ओरडता. आत्ताही तुम्ही तिथेच होतात. हरीला विचारून घेतलं मी. तो म्हणाला, गाडीत बसलेत. तिथून उठूनच आलात ना आत्ता?"

"हरीने मला आत्ता गेटातून आत येताना पाहिलं. घरून आलो मी. रिक्षावाला अजून बाहेर असेल."

"ठीक आहे." दीपेशने डबा बाजूला सारला. "लाईव्ह बघू. गाडी रिकामी असेल, मग विषय संपला. पुढच्या वेळी तुम्ही आत गेलात तर मी पुरावा दाखवेन."

त्याने लॅपटॉपवर बोटं चालवली. चक्र फिरलं, चित्र आलं.

सीटवर माणूस होता. मान छातीवर, तोंड किंचित उघडं, छाती वरखाली होत असलेली. कोपऱ्यात घड्याळ चालू होतं, सेकंदाचे आकडे बदलत होते. खिडकीबाहेर निळ्या भिंतीसमोरून एक फोर्कलिफ्ट गेली. तीच फोर्कलिफ्ट, घरघरत, ऑफिसच्या खिडकीबाहेरूनही गेली.

दीपेशने पडद्याकडे पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या केसरीनाथकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे, शर्टाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्याच्या ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

त्याने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

"काका," तो म्हणाला. "मी काढून टाकतो. सगळे अलर्ट. कापलेले पैसेही परत टाकतो. तुम्ही... तुम्ही घरी जा."

"तू पाहिलंस ना?"

"मी काही पाहिलं नाही."

"दीपेश, तू पाहिलंस!"

"मला इथे नोकरी करायचीय काका," दीपेश म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

७

ऑफिसपासून गाडी शंभर पावलांवर होती. खिळ्यावरची चावी घेऊन केसरीनाथ चालत गेला. भीती होतीच, पण भीतीच्या वर काहीतरी दुसरं चढत होतं, उकळतं. सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षांत पाठ गेली, डोळ्यांना चष्मा लागला, पोरीची शाळा कधी संपली कळलं नाही. थांबलेल्या तासांचे पैसे कुणी दिले नाहीत, मिटलेल्या पापण्यांचे मात्र कापले. आणि आता हा कोण आरामात झोपलाय, त्याच्या सीटवर, त्याचा पंचा घेऊन?

त्याने खाडकन दार उघडलं. आत चढला नाही. उन्हातून एकदम आत बघताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सीटवर काही आहे की नुसती सावली आहे ते नीट कळेना. पण श्वास ऐकू येत होता. संथ, जड, शेवटी बारीक शीळ येणारा. कमळ लग्नानंतर पहिली दोन वर्षं ज्या शिळेवरून त्याला चिडवायची, तीच ती.

"उठ!" तो ओरडला. "उठ रे! ही झोपायची जागा आहे का? माझे पैसे जातात तुझ्यापायी. झोपायचंय ना तुला, तर घरी जाऊन झोप! घरी जा!"

श्वास थांबला.

बराच वेळ काही झालं नाही. मग फुस्स करून सीट वर आली. पलीकडच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज झाला आणि ते बंद झाल्याचा, जपून, हलक्या हाताने, जसं तो स्वतः बंद करायचा. खडीवर पावलं वाजली. केसरीनाथ गाडीला वळसा घालून पळत पलीकडे गेला. दोन कंटेनरांमधल्या चिंचोळ्या वाटेवर कुणी नव्हतं.

तो गेटाकडे धावला. हरी खुर्चीतून अर्धवट उठला आणि त्याच्याकडे बघतच राहिला.

"आत्ताच तर भायेर गेलाव तुमी," हरी म्हणाला. "मी विचारलं, घरी चाललाव का, तर मान हलवलीत. परत कवा आत आलाव?"

८

कामतघरच्या रस्त्यावर रिक्षा अडकली. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट चालला होता आणि मधे एक सुताचा टेम्पो आडवा झाला होता. केसरीनाथ सीटच्या कडेला बसून "चलो, चलो" म्हणत राहिला. शेवटी उतरला आणि पळत निघाला. टेमघरची आळी आली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

कमळ ओटीवर सूप घेऊन सुकट निवडत होती. तिचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता. त्याला पाहून तिने मान वर केली.

"कोन पायजे?"

तिने अशी थट्टा कधी केली नव्हती, तरी तो हसला. "आत कोण आलंय?"

"गाडीवरून आलाव ना तुमी?" कमळ त्याच्या निळ्या शर्टाकडे बघत म्हणाली. "शर्टावरूनच कळलं मना. दीपेशला सांगा, आज मी त्यांना उठवनार न्हाय. आत्ताच येऊन आडवे झालेत. काय बोलले न्हाय, जेवले न्हाय, थेट झोपले. चार म्हयने डोल्याला डोला लागला न्हवता त्यांचा. आता मालक सोता आला तरी मी उठवायची न्हाय."

"कमळ, अगं मी—"

तिचा हात सुपात थांबला. तिने खांद्यावरचा पदर सावरला. अनोळखी पुरुष फार जवळ येऊन उभा राहिला की बाई जशी सावध होते, तशी ती झाली.

"माझं नाव कुनी सांगितलं तुमाला?"

तिच्या खांद्यावरून दार दिसत होतं, आणि दारातून आतली खोली. चटईवर कुणीतरी पलीकडे तोंड करून झोपलं होतं. कमरेपर्यंत चादर, वर उघडी पाठ, आणि ती पाठ संथपणे वरखाली होत होती. शेजारी क्षितिजा पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. झोपलेल्याच्या अंगावर ऊन यायला लागलं तशी ती उठली आणि तिने खिडकी लोटली. मग तिचं लक्ष बाहेर गेलं. तिने केसरीनाथकडे सरळ पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि दार अर्धं पुढे केलं.

त्याच्या खिशात फोन वाजला. आणि त्याच क्षणी, त्याच सुरात, आतल्या खोलीतही वाजला.

कमळ सूप टाकून आत धावली. "बंद कर, बंद कर तो, जाग यील त्यांना," तिचा दबका आवाज आला. आतला फोन बंद झाला. त्याच्या खिशातला वाजतच राहिला.

त्याने तो काढला. दीपेश.

"काका," दीपेश म्हणाला आणि अडखळला. तो कुणाशी बोलतोय याची त्यालाही खात्री नसावी. "काका, मी दुसरा माणूस शोधला, पण मिळत नाही कुणी. गाडी भरून उभी आहे. उद्या रात्रीपर्यंत होसकोट्याला पोचायला हवी. तुम्ही... येताय का?"

आतून ती बारीक शीळ पुन्हा सुरू झाली. गाढ, बिनघोर. केसरीनाथने स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवला. ते कोरडे होते, लख्ख होते. त्यांच्यात झोपेचा कणही नव्हता.

"येतो," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. आणि आतल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन ओटीवरून खाली उतरला.